फोनला हात लावायचा नाही

रहाटणीतल्या त्या घरात एक कायदा होता: फोन वाजला तर बायकांनी उचलायचा नाही. लँडलाइन आबाजींच्या नावाची, फोन आबाजींच्याच खुर्चीशेजारी. भोवतालच्या शेतांच्या सोसायट्या झाल्या, पोराटोरांच्या हातात मोबाइल आले, पण हा कायदा काही हलला नाही. त्यांची थोरली सून कस्तुरा मात्र असल्या कायद्यांवर पहिल्यापासून चिडून असायची.

नवऱ्याला, सयाजीला, कंपनीनं कामावरून कमी केलं, तेव्हा तिनं अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये हातप्रेस बसवली आणि यंत्रांच्या जोडात बसणारे रबराचे गॅस्केट कापायला घेतले. "बाईनं लोखंडाशी खेळायचं व्हय?" असं आबाजी रोज म्हणत. प्रेसच्या आवाजात तिला ते ऐकू येत नसे. खरं म्हणजे ती ऐकून घेतच नसे.

आता चाकणच्या एका बड्या कंपनीला तिचा माल पसंत पडला होता. पण मालक परदेशी, जुन्या वळणाचे. ऑर्डर फॅक्सनंच पाठवणार. आज फॅक्स पोचला तर काम कस्तुराचं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं. तिनं फॅक्सवाला प्रिंटर आणला, भिंतीतली वायर त्याच्या पाठीत खोचली आणि आबाजींचा फोन प्रिंटरला जोडून दिला. म्हाताऱ्याचा फोन बंद पाडल्याचा बोल नको, एवढाच तिचा विचार. पण तो चांगुलपणाच नडला.

घंटी वाजली. प्रिंटर फोन घेणार त्याआधीच आबाजींनी झडप घातली. त्यांच्या कानात फॅक्सची शिट्टी घुसली.

"कोन हाय? अरं मेल्या, शिट्ट्या काय मारतोस!" म्हणून त्यांनी फोन आपटला.

दुसऱ्यांदाही तेच. मग चाकणचे खरेदीवाले साहेब तिच्या मोबाइलवर वैतागून बोलले, "मॅडम, तुमच्याकडून शिव्या ऐकू येतायत. शेवटचा पाठवतो, मग मी दुसरीकडे बघतो."

कस्तुराच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तरातरा आत गेली आणि रिसिव्हर हातानं दाबून उभी राहिली. तेवढ्यात घंटी वाजलीच. आबाजींचा हात पुढे आला आणि अडला.

"सर बाजूला. बायकांनी फोन उचलायचा न्हाई, ठावं हाय न्हवं?"

"ठावं हाय, आबा. मी उचलत न्हाई. आन् आज तुमीबी उचलायचा न्हाई."

सयाजी दारातून एकदा बापाकडं, एकदा बायकोकडं बघत राहिला. तेवढं त्याला बरं जमायचं. कस्तुराला भीती वाटत नव्हती असं नाही. पण रिसिव्हरवरचा हात तिनं काढला नाही. घंटी थांबली, प्रिंटर चिरकला, गुरगुरला आणि कागद बाहेर सरकू लागला.

आबाजींनी मान वाकडी करून बघितलं. "कुनाच्या नावानं हाय?"

"माझ्या." तिनं कागद ओढून घेतला. "आज भाकरीचं तुमच्या लेकाला सांगा. मी ऑर्डर कापायला बसतेय."