फोनमधलं वावर

व्हिडिओ कॉल आला की दौलतकाका आधी बूट काढायचे. आमच्या सोसायटीच्या वॉचमनचा निळा गणवेश, गळ्यात शिट्टी आणि हिरवळीवर अनवाणी पाय. मला वाटलं, बूट चावत असतील. तळमजल्यावरच्या बाल्कनीत मी लॅपटॉप घेऊन बसते. नागपुरात मिहानमधलं माझं ऑफिस अधूनमधूनच बोलावतं आणि त्याचं मला सुख आहे, कारण माणसांशी बोलायला मला वेळ लागतो. बघायला लागत नाही. शेवटी एकदा धीर करून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "वावरात कोनी बूट घालून जाते का, बेटा?"

हे वावर, त्यांचं शेत, तिकडे हिंगणघाटच्या पुढे होतं. रोज दुपार उतरताना सुमनकाकू, म्हणजे त्यांची बायको, शेताच्या बांधावरून, त्यांच्या भाषेत धुऱ्यावरून, फोन लावायच्या आणि कपाशीच्या तासांमधून, ओळींमधून, चालू लागायच्या. इकडे काका कुंपणाच्या भिंतीकडेने चालायचे, त्या वळल्या की वळायचे. जास्वंदाच्या कुंडीपाशी थांबून सांगायचे, इथली पानं लाल पडून राहिली, पाह्य. ऊन दोन्हीकडे एकच असायचं. कधी कधी माझ्या स्क्रीनवरचं काम पुसट व्हायचं आणि वाटायचं, आता उभ्या गाड्यांच्या मधून एखादी बाई कमरेला ओटी बांधून कापूस वेचत येईल.

मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी काका नागपूरला आले होते. गावातले बहुतेक हात असेच निघून गेलेले, कोणी पुण्याला, कोणी बुटीबोरीच्या कारखान्यांत. "गावात आता म्हतारे अन् कुत्रे," ते सांगायचे. "कुत्रेही जाऊन राहिले. त्याईले शहरातल्या बिस्किटाची सवय लागली." स्वतःला मात्र ते त्या गेलेल्यांत धरत नसत. ते फक्त ड्युटीवर होते. शेती कोण करतं असं विचारलं, तर म्हणायचे, मीच करतो, ती नुसती लक्ष ठेवते.

दिवाळीनंतर कापूस फुटला. वेचणीआधी त्यांच्याकडे सीतादही करतात. फुटलेल्या एका झाडाची पूजा करायची, त्याच्या मुळाशी दहीभात ठेवायचा आणि मगच कापसाला हात लावायचा. तो दहीभात दरवर्षी काकाच ठेवत. यंदा सुट्टी रविवारची मिळाली. पण काकूंनी सांगितलं की वेचणाऱ्या बाया फक्त उद्याच मोकळ्या आहेत. परवापासून दुसऱ्या गावची गाडी त्यांना घेऊन जाणार, मग त्या कधी हाती लागतील याचा भरवसा नाही. आभाळही भरून येत होतं, आणि फुटलेला कापूस भिजला तर वर्ष गेलं. काका म्हणाले, थांब. माझ्याशिवाय सीतादही होणार नाही. बाया कुठे पळून नाही चालल्या.



"बायाच तं पळून राहिल्या," काकू शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही तिकडून फोनमधून वेचता का कापूस?"

काकांनी फोन बंद केला. त्या संध्याकाळी शिट्टी बऱ्याचदा उगाचच वाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कॉल आला. मी कचऱ्याची पिशवी घेऊन फाटकाशी गेले होते. निघून जावं की थांबावं ते न कळून तिथेच राहिले. तिकडे शेजारणीने फोन धरला होता. काकू झाडाच्या मुळाशी बसल्या होत्या. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, दहीभात ठेवला, पदर सावरला आणि उठल्या. काकांकडे त्यांनी पाहिलं नाही. बायांना म्हणाल्या, "चाला वं, तास धरा." बाया त्या पांढऱ्यात शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या. शेजारणीनेही फोन धुऱ्यावर ठेवून दिला असावा, कारण मग नुसतं आभाळ राहिलं. काका कितीतरी वेळ ते आभाळ बघत होते.

"हात नाही थरथरला तिचा," शेवटी ते म्हणाले. "माह्या पहिल्या वेळी थरथरला होता."

रविवारी ते गेले आणि बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडून घेऊन परत आले. काकूंनी त्यांना बायांकडून राहून गेलेला शेवटचा तास दिला होता आणि मागे सुटलेला कापूस दाखवून परत फिरवलं होतं. हे सांगताना ते रागावल्यासारखे दिसत नव्हते. त्यानंतर कोणी शेतीचं विचारलं, तर म्हणायचे, तिचं बरं चाललं आहे.

पुढच्या वर्षी मुलीला नोकरी लागली आणि काकांनी काम सोडलं. जायच्या दिवशी वरच्या मजल्यावरचे आजोबा फाटकाशी आले. या वयात गावी जाऊन काय करणार, त्यांनी विचारलं. मी बाल्कनीत होते.

"नोकरीच," काका म्हणाले. "तिले वेचाले मानूस भेटून नाही राहिला. म्हने, येता का?"

आजोबा हसले आणि चहाला वर चला म्हणाले. पण काकांनी पिशवी उचलली होती.

"नाही जी. उशीर केला तं मालकीण दुसरा पाह्यते," ते म्हणाले आणि भरभर वर्धा रोडकडे चालू लागले.