ताईला आत्ता काही विचारायचं न्हाई

आमचं दुकान विहिरीवरच्या मोटरींचं. मुख्य दुकान सांगलीला, तिथं हिशेब बघणारे काका. साताऱ्याचं ऑफिस माझ्याकडं. आणि दुरुस्तीवाले चौघं दिवसभर मोटरसायकलवर. एक लोणंदकडं, एक वडूजकडं, बाकीचे दोघं जिथून बोलावणं येईल तिकडं. कोण कुठं अडकलाय हे संध्याकाळपर्यंत कुणाला कळायचं नाही. शेवटी मालकांनी सगळ्यांच्या फोनवर कामापुरतं चॅटचं ॲप टाकून दिलं आणि मला म्हणाले, "ह्यांना जरा वळण लाव."

वळण लावायचं म्हटलं की माझ्या अंगातच येतं. रोज सकाळी दहाला ग्रुपवर आपोआप तीन प्रश्न यायचे: काय झालं, आता काय करणार, कुठं अडलंय? ज्यानं त्यानं उत्तरं टाकायची, मग सगळ्यांनी मिळून थोडा वेळ फोनवर बोलायचं. ह्याला हजेरी म्हणायचं. दुपारी आठवण यायची, पाणी प्या. संध्याकाळी, हत्यारं मोजून पेटीत ठेवा. आणि हजेरी चालू असताना बाहेरचा फोन उचलायचा नाही, मग तो कुणाचाही असो.

"नवरा फौजेत, पण सुभेदार हीच," असं ते चौघं माझ्यामागं बोलायचे. मागं कसलं, ग्रुपवरच बोलायचे. काकांना तर ते पाणी प्या लयच झोंबलं. "मी काय म्हैस हाय का, मला पाणी दाखवायला? तहान लागली की पितो मी." पण हळूहळू गाडी रुळावर आली. काका पाणी प्यायला लागले की नाही देव जाणे, पण हजेरी कधी चुकवली नाही त्यांनी.

त्याच सुमारास आमच्या ह्यांची बदली वर डोंगरात झाली. तिथं फोनला रांग. ह्यांचा नंबर लागायचा तो नेमका आमच्या हजेरीच्या वेळेला. इकडून लावायची सोय नाही, तिकडून आला तर आला. पहिल्यांदा तो नंबर दिसला तेव्हा वडूजवाला जळालेल्या कॉइलबद्दल सांगत होता. नियम माझा, तो मीच कसा मोडणार? फोन वाजून वाजून थांबला. हजेरी संपल्यावर मी मागच्या खोलीत गेले आणि मोटरींच्या खोक्यांवर बसून मनसोक्त रडले.

वेळ बदलायला काय लागतं? एक बोट. पण तोंडानं मागवेना. चौघांना शिस्त शिकवायची आणि स्वतःसाठी सवलत घ्यायची, हे मला जमत नाही. असली मी अडेलतट्टू.

आणि फोनवर बोलणं तरी काय असायचं म्हणा! "जेवलीस का?" "तुमी जेवला का?" "आईचा गुडघा?" "परसात गवार लागली का?" झालं. पण त्या एका "जेवलीस का"साठी जीव नुसता टांगणीला लागायचा. मला ते हवे होते. सुट्टीला येणारे, चार दिवस पाहुण्यासारखे राहणारे नव्हेत. रोजचे हवे होते, चहात साखर कमी म्हणून तोंड वाकडं करणारे, ओला टॉवेल पलंगावर टाकून माझी बोलणी खाणारे.

मग एका सकाळी, असाच फोन वाजून बंद पडल्यावर, मी तिसऱ्या प्रश्नाखाली लिहून टाकलं: ह्यांचा फोन हजेरीच्याच वेळेला येतो, उचलता येत नाही.

कशाच्याही खाली अंगठ्याचं चित्र टाकणाऱ्या लोणंदवाल्यानंसुद्धा काही टाकलं नाही. पुसून टाकावं म्हटलं, पण तोवर सगळ्यांनी वाचलं होतं.

दुपारी काकांचा फोन. "पोरी, ते आठवण लावायचं कसं असतंय? नीट सांग, सावकाश." मला वाटलं, रक्तदाबाच्या गोळीसाठी विचारतायत. सगळं समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तीन प्रश्न आलेच नाहीत. मालकांना सांगून काकांनी हजेरी अर्धा तास पुढं ढकलली होती. प्रश्नांच्या जागी काकांनी लावलेली आठवण आली, सगळ्या ग्रुपला: "ताईला आत्ता काही विचारायचं न्हाई."

मी हसले, आणि हसता हसता फोन वाजला. तेव्हापासून तो अर्धा तास माझा झाला. रोज नाही, पण आठवड्यात दोनदा तरी ह्यांचा आवाज कानावर पडायचा. ह्यांना आठवणीचं सांगितलं तर म्हणाले, "सांगलीच्या काकांना माझा सलाम सांग."

मग ह्यांना आणखी वर पाठवलं. "आता फोनचं काही खरं न्हाई," एवढं सांगून गेले ते गेलेच. रोज दहाला आठवण यायची, ग्रुप चिडीचूप व्हायचा, आणि मी फोन समोर ठेवून बसायची. काहीच वाजायचं नाही. पाच माणसं माझ्यासाठी गप्प बसलीयत हे मला बघवेना. एक दिवस संतापून मी ती आठवण काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी दहाला परत हजर! मी तडक काकांना फोन लावला.

"आवं काका, कशाला लावली परत? फोन येतच न्हाई."

"न्हाई आला तर न्हाई आला. पण आला आणि तू कुणाला मोटरीचा भाव सांगत बसलीस तर?"

"लोक माझ्यापायी खोळंबतात."

"अर्धा तास गप्प बसून कुणाची विहीर आटत न्हाई. आन् पाणी पी जरा. तूच लावलंयस ना ते?"

मी फोन ठेवला आणि खरंच पाणी प्यायले.

पुढं किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत, मोजायची हिंमतच नव्हती. आणि एका सकाळी त्या अर्ध्या तासात फोन वाजला. नंबर अनोळखी. "ऐकू येतंय का? ऐकू येतंय का?" ह्यांचाच आवाज. मी ओरडले, "येतंय, बोला! जेवला का?" "जेवलो. तू—" आणि तुटला.

ग्रुपवर मी एकच शब्द टाकला: आला.

अर्धा तास संपला नव्हता, म्हणून कुणी काही विचारलं नाही. नियम नियम असतो. साडेदहाला तीन प्रश्न आले आणि खाली उत्तरं पडायला लागली. लोणंदवाला: काय झालं? ताईंना फोन आला, एक मोटर बसवली. वडूजवाला: ताईंना फोन आला, केबल कमी पडली. बाकीच्या दोघांचंही तेच, आधी फोन, मग काम. शेवटी काका: "फोन आला. बाकी नेहमीचं. कुठं अडलेलं न्हाई."

मग माझी पाळी. पहिली दोन उत्तरं भराभर लिहिली. तिसऱ्यापाशी हात थांबला. कुठं अडलंय? खोटं कशाला लिहायचं, म्हणून लिहिलं: अजून तिथंच, वर डोंगरात.