विरजण संपलं त्या दिवशी

मंगळवारची सुट्टी होती. रविवारी ऑफिसात राबवून घेतलं होतं, त्याच्या बदल्यात मिळालेली, म्हणजे अगदी हक्काची. बेत साधा होता. सकाळी दळण टाकायचं, इस्त्रीचे कपडे द्यायचे, बाथरूममधला गळका नळ प्लंबरकडून बदलून घ्यायचा आणि दुपारी पंखा फुल करून ताणून द्यायची. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तुमची सुट्टी कुणाला कळली की मेलात. ह्यांचं कुरियर घ्या, त्यांच्या मोलकरणीला किल्ली द्या. त्यामुळे चक्कीवर दळण टाकून आले तीसुद्धा चोरासारखी, चपलांचा आवाज न करता.

चहा ठेवला, फ्रिज उघडला. दह्याची वाटी गायब.

वाटी सिंकशेजारी पालथी पडलेली, स्वच्छ घासलेली. मी नवऱ्याला फोन लावला.

"अगं, थालीपिठाबरोबर संपवलं. झकास लागलं होतं!" आणि वर अभिमानाने, "वाटी धुऊन ठेवलीय हं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या माणसाने कधी चहाचा कप विसळला नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदा भांडं घासलं, तेही नेमकं हे! आळशीपणा केला असता तर तळाशी चमचाभर दही तरी राहिलं असतं.

कारण ते दही आमचं नव्हतंच. ते समोरच्या काकूंचं विरजण होतं. काकू लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेल्या होत्या आणि जाताना विरजण माझ्यावर सोपवून गेल्या होत्या. रोज थोडं बाजूला काढायचं आणि त्याचं नवं दही लावायचं, एवढंच काम. पण हे विरजण काकूंनी लग्न झाल्यावर संगमेश्वरच्या माहेराहून डब्यात घालून, मांडीवर धरून आणलेलं. तेव्हापासून ते चालू आहे. पुढे आई गेली, भावांनी घर विकलं. "आईच्या हातचं एवढंच उरलंय गं माझ्याकडे," असं काकू मला एकदा म्हणाल्या होत्या, आणि काकू काही उठसूट डोळ्यांत पाणी आणणाऱ्यांतल्या नाहीत. नाशिकहून रोज फोन यायचा. आधी "दही लागलं का?" आणि मग नातवाची खबर. आणि त्याच संध्याकाळी त्या परत येणार होत्या.

वाट लागली, दुसरं काय! चहा तसाच उकळत सोडून पळणार होते, पण गॅस बंद केला. एक आशा होती. काकूंनी आपलं विरजण अख्ख्या बिल्डिंगला वाटलेलं. कुणाकडे तरी असणारच.

पहिल्या मजल्यावरच्या वहिनी मालवणच्या. बांगडे साफ करत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, तर बाई हसत सुटली.

"अगो, ता कधीच मेला! आमच्याकडे पिशवीतला दही."

"पण वहिनी, काकू मागे एकदा तुमच्याकडे दहीभात खाऊन 'माझंच हे, लगेच कळतं' म्हणाल्या होत्या ना?"

"मगे? मी काय 'नाय' म्हणतलंय? म्हाताऱ्या माणसाचा मन कशाक मोडूचा?" मग सुरी माझ्याकडे रोखून म्हणाल्या, "तूव पिशवीतलाच घाल वाटयेत. खंय कळतला तिका!"

आयडिया वाईट नव्हती. मी डेअरीत गेले, दह्याची पिशवी आणली, वाटीत ओतली आणि चमच्याने वरून सपाट केली, जणू घरीच लागलंय. हुबेहूब. तेवढ्यात प्लंबर आला, नळ बघून "वायसर गेलाय" म्हणाला आणि वायसर आणायला गेला तो गेलाच. मी त्या वाटीकडे बघत बसले. थापा मी भरपूर मारते. साहेबांना मारते, सासूबाईंना तर प्रेमाने मारते. पण संध्याकाळी काकू ही वाटी नाकाशी नेणार, त्यांना आई आठवणार, आणि मी समोर शहाण्यासारखी उभी. छे! पिशवीतलं दही मी कढीसाठी ठेवलं आणि पुन्हा वहिनींचं दार वाजवलं.

"ताच व्हया तर वरच्या बाईंकडे जा," वहिनी म्हणाल्या. "ती कायव टाकणा नाय. पण काकूक कळला तर तुझा काय खरा नाय हां!"

हीच तर गोम होती. बाई तिसऱ्या मजल्यावर, बरोब्बर काकूंच्या डोक्यावर राहतात. शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून सगळ्यांच्याच बाई. एकेकाळी दोघींचं इतकं गूळपीठ, की एकीकडे फोडणी पडली तर दुसरी ताट घेऊन हजर. मग एका उन्हाळ्यात बाईंनी ग्रिलमधल्या कुंड्यांना पाणी घातलं आणि ते खाली काकूंनी वाळत घातलेल्या पोह्याच्या पापडांवर पडलं. काकू काहीतरी बोलल्या, बाईंनी त्याहून लागेल असं काहीतरी ऐकवलं, आणि तेव्हापासून अबोला. आता दोघी फक्त बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलतात, तेही 'दुसऱ्या मजल्यावरील सदस्यांनी नोंद घ्यावी' अशा भाषेत.

बाईंनी दार उघडलं. चष्म्यावरून बघत सगळं ऐकून घेतलं. गृहपाठ न केलेल्या मुलीसारखी मी पायपुसण्यावर उभी.

"म्हणजे तिचं दही तुझ्या नवऱ्याने खाल्लं," त्या म्हणाल्या. चेहरा गंभीर, पण ओठाचा कोपरा हलत होता.

"हो बाई. तुमच्याकडे आहे का? काकूंचंच?"

"रोज लावते."

"इतकी वर्षं? अबोला असून?"

"भांडण तिच्याशी आहे. दह्याने माझं काय वाकडं केलंय?"

त्या आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने स्टीलची वाटी घेऊन आल्या, वर ताटली झाकलेली, दही अगदी काठापर्यंत. "ह्याच वाटीत दे. दुसऱ्या भांड्यात काढू नकोस, मोडेल."

"काकूंना तुमचं नाव सांगणार नाही," मी वचन दिलं.

"नकोच सांगूस," बाई म्हणाल्या आणि फटकन दार लावलं. मी वाटी दोन्ही हातांत धरून, एकेक पायरी जपत खाली आले आणि ती तशीच फ्रिजमध्ये ठेवली. मग दुपारभर झोपले. प्लंबर आला नाही.

काकू आल्या त्या संध्याकाळी, बॅग अजून पॅसेजमध्येच आणि हात माझ्यापुढे. "आण गं आधी." मी वाटी दिली. ताटली उचलून त्यांनी वास घेतला आणि डोळे मिटले. मी मनात म्हटलं, सुटले बुवा.

मग त्यांनी वाटी फिरवली. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, पूर्वी दुकानात भांड्यांवर घालून देत तसं. काकूंचंच नाव. ती काकूंची वाटी होती, भांडणाआधी कधीतरी वर गेलेली आणि वरच राहिलेली. मी वेंधळीने दिवसभरात ती एकदाही नीट पाहिली नव्हती. आणि बाई म्हणे, मोडेल!

माझ्याकडे दोन-तीन थापा तयार होत्या, पण एकीतही ही वाटी बसत नव्हती. मी भडाभडा सगळं खरं सांगून टाकलं. नवरा, थालीपीठ, सगळं. नवऱ्याला शिव्या पडतील म्हणून वाट बघत होते. काकूंनी त्याचं नावही काढलं नाही.

"रोज लावते म्हणाली?"

"हो."

"आणि भरून दिली," काकू वाटीकडे बघत म्हणाल्या. आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत.

त्या घरात गेल्या. दही आपल्या भांड्यात काढून घेतलं, वाटी धुतली, पुसली, आणि नाशिकहून आणलेले डिंकाचे लाडू तीत शीग लावून भरले. माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "जा, देऊन ये वर."

"मी नाही जाणार, काकू."

"का गं?"

"आज माझी सुट्टी आहे."

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, की दुसरी कुणी असती तर जळून खाक झाली असती. मग पदर खोचला आणि "गुडघे दुखतात, कुणाला कळत नाही" असं पुटपुटत निघाल्या. मी दारात उभी राहून कान वर लावले. बेल वाजली. दार उघडलं. आणि एकदम दोघींचा आवाज चढला. "पाणी बघून घालता येत नाही?" "पापड काय माझ्या कुंड्यांखालीच घालायचे असतात?" जिथे सोडलं होतं, तिथूनच पुढे! मग वरचं दार लागलं, आणि काकू आतच होत्या.

त्या उतरल्या तेव्हा आमची जेवणं आटोपली होती. मी विचारलं, "काय झालं?"

"काय व्हायचंय? तोंडाळ आहे, होती तशीच आहे," म्हणाल्या आणि कुलूप उघडून आत गेल्या. हात रिकामे होते. वाटी त्या वरच ठेवून आल्या होत्या.