सगळे शर्ट पांढरे

आज प्रताप नगरात ब्लाऊज शिवायला टाकला. मशीनवरच्या म्हाताऱ्या बाईने चष्मा वर केला. "बाई, वळखलं नाही का मले? मी शेवंता."

१९८०च्या आसपास आमची संस्था प्रौढ साक्षरता वर्ग चालवायची, मी तिथे शिकवायचे. वर्गात कोणी टिकत नसे, म्हणून शेजारच्या शिवणकेंद्राशी ठरवून घेतलं: आधी पाटी, मग मशीन. शेवंता मशीन झटकन शिकली, पाटीवर मात्र रेघोट्या ओढायची. "काहून शिकू, बाई? कोणाचा ब्लाऊज कोणता, ते कपडा पाहूनच समजते मले."

मग केंद्राला एका शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं. प्रत्येक मुलाच्या मापाचे, पण सगळे शर्ट पांढरे. कोणता कोणाचा, तिला काही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी वर्गात. "मले हे लेकरायची नावं लिहून दाखवा."

आज तिने माझं नाव लिहून चिठ्ठी माझ्या कापडाला टाचली. म्हणाली, "माहं नाव तं मी सगळ्यात मागून शिकली, बाई."

आपण साक्षरता सहीवरून मोजतो. तुमच्या ओळखीत मोठेपणी शिकलेलं कोणी असेल तर विचारून सांगाल? पहिलं नाव कोणाचं लिहिलं होतं?