दादाची साक्ष

आमच्या नाटक कंपनीत कपडेपटावर एक बाई होती. अंगानं किडकिडीत, जिभेनं टोकदार, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. वीस वर्षं तिनं मला राणी केलं, भिकारीण केलं आणि माझी कंबर सुटत गेली तसतशी चकार शब्द न काढता शिवण उसवून दिली. अशा बाईची बाजू मी घेणारच.

घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं होतं. चाळिशी उलटल्यावर तिनं डॉक्टरांकडे जाऊन हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या. आरशाकडे पाठ करून कपडे बदलणारी ही बाई मशीनवर बसल्या बसल्या गुणगुणू लागली.

घरात आई आणि थोरला भाऊ. दादा भला माणूस, सगळी गल्ली सांगे. दर रविवारी तो सगळ्यांच्या गोळ्या पाकिटांतून काढून आठवड्याच्या डब्यांत भरी. आईच्या रक्तदाबाच्या, स्वतःच्या मधुमेहाच्या, टाचणीच्या.

दीड वर्षानं टाचणी एकाएकी खचली. सकाळी उठवेना, घास उतरेना. एक दिवस माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, ही कात्री तुमच्याकडे ठेवा. मला तिची भीती वाटते." दादा रोज चहा घेऊन तिच्या उशाशी बसे. "बघ, त्या गोळ्यांनीच डोकं फिरलंय तुझं. बंद कर."

दर महिन्याच्या एक तारखेला ती स्वतःचं माप वहीत लिहायची. शिंप्याची खोड! तिसऱ्या महिन्यात ती वही घेऊन आली.

"गोळ्यांनी भरत आलेली छाती पाऊण इंचानं उतरली, ताई. वजन तेवढंच. टेप खोटं बोलत नाही."

कंपनी बदललीय म्हणून दादा सांगत होता ती डब्यातली गोळी आम्ही औषधवाल्याला दाखवली. त्यानं उलटीपालटी करून पाहिली. "ही कॅल्शियमची. हाडं मजबूत होतील."

मी पदर खोचून दादाच्या घराकडे निघाले, तर टाचणीनं हात धरला. "बसा. तुम्ही लगेच ओरडता, म्हणून तुमचे खलनायक पहिल्याच अंकात सावध व्हायचे. या नाटकातलं मोठं भाषण मला त्याच्याच तोंडी घालायचंय."

घरी जाऊन ती पडेल आवाजात म्हणाली, "दादा, तूच चल. गोळ्यांनी माझं काय झालंय ते डॉक्टरांना तूच सांग." दादानं शर्टाला इस्त्री केली. मी सोबतीला गेले.

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या आणि दादा घडाघडा बोलत होता. इतकं चोख पाठांतर मी मोठमोठ्या नटांचंही पाहिलं नाही. "जेवण सुटलं. रोज रडतो. उद्या उठलो नाही तर बरं, असं म्हणतो. सगळं या तीन महिन्यांत."

"त्याआधी?" टाचणीनं हळूच विचारलं. "नीट सांग, दादा."

"त्याआधी बरा होता की! गाणी म्हणायचा."

"लिहिलंत, डॉक्टर?"

"लिहिलं."

तिनं डबा टेबलावर उपडा केला. "मग हेही लिहा. तीन महिने मी या खात होते. कॅल्शियमच्या. भरल्या यानं."

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पुढे ओढला. "तरीच! मला वाटलं, तुम्हीच गोळ्या चुकवताय." मग दादाकडे वळल्या. "तुम्ही सांगितलेलं सगळं औषध बंद पडल्यावर झालंय. हिचं औषध का थांबवू नये, याचा याहून चांगला पुरावा नाही. खाली सही करा."

"मी त्याच्या भल्यासाठी—"

"सही," टाचणी म्हणाली.

त्यानं केली. तिच्या खऱ्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मनाच्या डॉक्टरांकडेही ती दर आठवड्याला जाऊ लागली. त्या कागदाच्या प्रती तिनं काका, मामा, आत्या, सगळ्यांना पाठवल्या. आई आता स्वतःच्या गोळ्या स्वतः काढते, भिंग लावून, दादाच्या समोर बसून. आणि टाचणी मशीन घेऊन माझ्याकडे राहायला आली.

गेल्या आठवड्यात दादा दारात उभा राहिला. निम्मा झाला होता. "किती दिवस शिक्षा देणार?"

टाचणीनं दातानं दोरा तोडला. "मी मरायला निघाले होते, दादा. तू उशाशी बसून बघत होतास. कशानं होतंय ते तुला माहीत होतं."

"चुकलं माझं."

"हो, चुकलं. जा आता."

मी मूळची मऊ. कोणी रडलं की मला पान्हा फुटतो. झालं गेलं विसर, असं म्हणायला मी तोंड उघडलंही होतं. पण ते तीन महिने मी काढले नव्हते. मी उठले आणि दादाच्या तोंडावर दार लावून आतून कडी घातली.