उंदरांना आवतन

नांदेडपासून लातूरपर्यंत उंदरांमध्ये माझ्या साडूइतका मान असलेला दुसरा माणूस सापडायचा नाही. हे मी कौतुकाने सांगतोय असं कुणी समजू नये, जळफळाटाने सांगतोय. आम्ही दोघेही औषधशास्त्र शिकवतो, तो लातूरला, मी नांदेडला, आणि दोघांच्याही कॉलेजात प्रयोगासाठी पांढरे उंदीर पाळलेले आहेत. त्याने पिंजऱ्याचं दार उघडलं की त्याचे उंदीर तळहातावर येऊन मिशा साफ करत बसतात. माझे मला चावतात.

साडू मूळचा जळकोटकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळून त्यांना "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणायची आपल्याकडे रीत आहे. ही रीत या गृहस्थाने उचलून थेट प्रयोगशाळेत नेली. उद्या प्रयोग असला की आज संध्याकाळी हा पिंजऱ्यांपुढे हात जोडून म्हणणार, "उद्या काम हाय. सांभाळून घ्या." एकदा तपासणीला आलेले साहेब मधेच उभे होते. त्यांना वाटलं, हा आपल्यालाच विनवतोय. ते "बघू, बघू" म्हणाले आणि खूश होऊन शेरा चांगला देऊन गेले. मी हात जोडले असते तर चौकशी लागली असती.

दहा उंदरांत भागत असेल तर तो अकरावा कुणाला घेऊ देत नाही. विद्यार्थ्यांना संगणकावर प्रयोग दाखवायची सोय झाली आणि वर्गात जिवंत उंदीर लागेनासे झाले, तेव्हा त्याने अख्ख्या विभागाला पेढे वाटले. घरी मात्र धान्याच्या कोठीपाशी बिनदिक्कत सापळा लावतो. हा काय न्याय, असं मी विचारलं तर म्हणाला, "ह्यो चोर हाय. कॉलेजातला पाहुणा हाय. पाहुण्याचा जीव घ्यायचा म्हणल्यावर माणसाला लाज वाटली पायजे."

"एवढी लाज वाटते तर प्रयोगच बंद करा की," मी म्हणालो.

"आन् मामींची साखरेच्या आजाराची गोळी? ती आधी कुणी खाऊन बघायची, तुमी?"

मामी म्हणजे आमच्या सासूबाई. त्या तिथेच बसल्या होत्या. त्या दिवसापासून त्या गोळी घेण्याआधी कुण्या अनोळखी उंदराला नमस्कार करतात. थोरला जावई मी. पण सासुरवाडीला पहिली गरम पोळी त्याच्या ताटात पडते, दुसरी त्या उंदराच्या नावाने बाजूला निघते, आणि मग माझा नंबर लागतो.

अशात माझी बढती एका प्रयोगावर येऊन अडकली. रक्तातली साखर उतरवणारा एका झाडपाल्याचा अर्क मी तपासत होतो. पण मी खोलीत पाऊल टाकलं की उंदरांची साखर चढायची. औषध दिलेल्यांची चढे, न दिलेल्यांचीही चढे. जीव घाबरला की साखर वाढते, हे मीच वर्गात शिकवत होतो. सगळे आकडे कचऱ्यात गेले. बायकोने मला न विचारता लातूरला फोन लावला आणि शनिवारी साडू एसटीने हजर.

"ते मागचे उंदीर फुकट गेले की हो, साडूभाऊ," दारातच म्हणाला. "तुमच्या भ्यावानं." मग बायकोकडे वळून, "आक्का, ह्यांचा एक सदरा द्या. धुतलेला नको, घामाचा द्या."

नवे उंदीर आले होते. दर शनिवार-रविवारी तो माझा मळका सदरा घालून त्यांच्यापाशी बसायचा, त्यांना कुरवाळायचा, जळकोटच्या गप्पा सांगायचा. सदरा त्याला माझ्यापेक्षा बरा दिसतो, असं बायको म्हणाली. म्हणजे सासू गेली, पोळी गेली, आता अंगावरचं कापडही गेलं! मी आतल्या आत धुमसत राहिलो. पण आकडे स्थिर झाले, आणि अर्काचा गुण खरोखरच दिसू लागला.

शेवटच्या दिवशी उंदरांचे अवयव तपासायचे होते. म्हणजे त्यांना मारायचं होतं. आदल्या संध्याकाळी साडूने आवतन दिलं. बाकीचंही तोच करील असं मी धरून चाललो होतो. सकाळी मात्र तो दाराशीच थांबला.

"तुमी करा. काम तुमचं हाय."

मी जाड हातमोजे चढवले.

"काढा ते."

मोजे काढून मी दार उघडलं आणि चाव्याची वाट बघत हात आत घातला. पहिला उंदीर आला, त्याने माझी बाही हुंगली, तळहातावर चढला आणि मिशा साफ करत बसला. मी साडूकडे पाहिलं.

"वास तुमचाच वळखीचा केलाय त्यायला," तो हळूच म्हणाला. "शेवटाला परक्या हातात भिऊन मरू न्हाईत म्हणून. सदरा त्याच्यापायीच मागितला होता."

इतकी वर्षं ज्याच्यासाठी जळलो, ते माझ्या हातावर बसलं होतं. उबदार होतं. त्याला माझी जराही भीती वाटत नव्हती. आधी भूल दिली आणि मग एकेकाचं काम मीच केलं. प्रत्येक जण तसाच आपण होऊन हातावर आला.

दुपारी बायकोने पहिली गरम पोळी माझ्या ताटात वाढली. मी ती बाजूला काढून ठेवली. साडूनेही ताटाला हात लावला नाही. प्रयोगाच्या दिवशी तो जेवत नाही, हे मला तेव्हा कळलं.

बढती झाली. परवा माझ्याकडे नवे उंदीर आले. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी पिंजऱ्यांपुढे हात जोडून उभा राहिलो, पण तोंडातून आवतनाचा शब्द निघेना. साडूच्या तोंडून तो शब्द दर वेळी निघतो, आणि दर वेळी तो उपाशी घरी जातो. ते बळ त्याला कुठून येतं कोण जाणे. मला अजूनही त्याचा फार हेवा वाटतो.