दाराची मुलाखत

नेपरव्हिलच्या मराठी मंडळात मी न हसणारी बाई म्हणून प्रसिद्ध आहे. हे साफ खोटं आहे. चांगला फार्स असेल तर मी पोट धरून हसते. दोन माणसं एकाच घरात लपली आहेत, सासरा जिना चढतोय आणि कपाटाचं दार काही केल्या लागत नाहीये, असं असलं की सगळ्यांच्या आधी माझंच हसू फुटतं. मला हसू येत नाही ते फक्त नवऱ्याच्या लाडक्या विलायती विनोदाला.

तो देश सोडून शिकायला इथे आला तेव्हा तळघरातल्या एका खोलीत राहायचा. टीव्हीवर एकच चॅनेल धड दिसायचं, लोकांच्या देणग्यांवर चालणारं. त्यावर दर रविवारी जुने ब्रिटिश विनोदी कार्यक्रम लागायचे. सुटाबुटातला एखादा साहेब बँकेत जाऊन ढग तारण ठेवायला काढतो. मॅनेजर गंभीरपणे विचारतो, पावसाचा आहे की साधा? दोघांची त्यावर बराच वेळ घासाघीस चालते आणि मग कसलाही शेवट न होता दोघं उठून चालू लागतात. संपलं. लग्न होऊन मी आले ती या कार्यक्रमांच्या संसारातच आले म्हणायची. तो सोफ्यावरून खाली घसरेपर्यंत हसायचा. मुलगी मोठी झाल्यावर तीही हसायला लागली. मी स्वयंपाकघरातून विचारायचे, "यात हसण्यासारखं काय आहे?" त्यावर दोघं आणखीनच हसायचे.

पुढे मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात तो स्वतःच तसा एक प्रवेश करू लागला. दाराची मुलाखत. एका ऑफिसात दाराची जागा रिकामी आहे आणि हा उमेदवार म्हणून आलाय. मुलाखत घेणारा आमचा जुना मित्र, पेशाने भूलतज्ज्ञ. तो विचारतो, "याआधी कुठे होता?" हा म्हणतो, "ठाण्याला दोन वर्षं खिडकी होतो." "सोडलंत का?" "वारा फार लागायचा." मग मित्र म्हणतो, "बरं, उघडून दाखवा," आणि हा पायांची जुळवाजुळव करून संथपणे काटकोनात वळतो. दरवर्षी प्रश्न थोडे बदलायचे, बाकी सगळं तेच.

दरवर्षी हॉलचे सरळ दोन तुकडे व्हायचे. अर्धे लोक खुर्चीत लोळायचे आणि अर्धे जेवण मांडलं का म्हणून मागे वळून बघायचे. जेवताना त्यावरून वादही व्हायचे. हसणाऱ्यांना वाटायचं, न हसणारे मठ्ठ. न हसणाऱ्यांना वाटायचं, हे उगाच शिष्टपणाने हसतात. मी दोघांचं ऐकून घ्यायचे, पण मला दोन्ही पटायचं नाही. वेड्यासारखं बोलणारा हा गंभीर माणूस आतून पुरता शहाणा आहे, असा तुमचा भरवसा असला तर हसू येतं. भरवसा नसला की नुसतं अस्वस्थ वाटतं. मला तर पहिल्या दिवसापासून अस्वस्थच वाटत आलं होतं.

एक खूण मात्र फक्त मला माहीत होती. विनोद करताना चेहऱ्यावरची घडी मोडायची नाही हा त्याचा नियम. पण वाक्य टाकून झालं की तो डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघायचा. हसली का? घरात, दुकानात, स्टेजवरून तिसऱ्या रांगेत, कुठेही. मी हसलेली नसायचेच आणि त्याला त्याचाच आनंद व्हायचा. "तू हसलीस तर माझं काहीतरी चुकलं असं समजेन," म्हणायचा.

गेल्या उन्हाळ्यात पार्सिपनीहून पाहुणे आले होते. जेवताना त्याने वरण पाण्याच्या ग्लासात ओतून घेतलं, भातावर पाणी घातलं आणि शांतपणे कालवून खायला लागला. पाहुण्यांची हसून पुरेवाट झाली. एक काकू तर डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, यांना कुठून सुचतं असलं!" मी वाट बघत होते. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. भात संपवला, ग्लासातलं वरण प्यायला आणि हात धुवायला उठला.

त्यानंतर तो एकदा हिरव्या सिग्नलला गाडी थांबवून बसला. मागचे हॉर्न वाजवत होते. मी ओरडले तेव्हा म्हणाला, "त्याला आधी जाऊ दे." कोणाला, ते सांगता येईना. वीस वर्षं शेजारी राहणाऱ्या माणसाला त्याने दारातच विचारलं, आपण कोणत्या खात्याकडून आलात. शेजारी खो खो हसला आणि आपल्या बायकोला सांगायला पळाला.

त्याच्या डोक्यात काहीतरी बिघडत होतं आणि ते कुणाला पटवून देता येईना. इतकी वर्षं ज्या माणसाने गंभीर चेहऱ्याने खुळेपणा केला, तो आता खरंच चुकतोय हे सांगायचं कसं? मुलगी दूर अल्फारेटाला असते. तिला फोनवर वरणाचं सांगितलं तर तीच हसायला लागली. "आई, दॅट्स क्लासिक बाबा! यू नेव्हर गॉट हिज ह्यूमर."

"मला विनोद कळत नाही, पण माणूस कळतो," मी म्हणाले.

"ओके, बट डोन्ट पॅनिक, प्लीज."

वार्षिक तपासणीला मी मुद्दाम बरोबर गेले. डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? हा म्हणाला, तुमच्याकडे कोणकोणते शिल्लक आहेत? डॉक्टर मागे रेलून हसले आणि प्रकृती ठणठणीत असल्याचं सांगून पुढच्या पेशंटकडे गेले. मी परत येताना म्हटलं, मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊ या. तर म्हणतो, "काय सांगशील त्यांना? नवरा विनोद करतो?" आणि तेव्हा त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं. अगदी पूर्वीसारखं. माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. तो पूर्ण आठवडा मी स्वतःला संशयी म्हातारी म्हणत काढला, आणि पुढच्या आठवड्यात कचऱ्याचा मोठा डबा बाहेर ठेवायच्या ऐवजी त्याने दिवाणखान्यात, सोफ्याशेजारी आणून ठेवला. तेव्हा मात्र माझ्याकडे बघितलं नाही.

दिवाळीचा कार्यक्रम आला. मी मित्राला फोन करून म्हटलं, या वर्षी हा प्रवेश नको, त्याला लक्षात राहत नाहीये. मित्र म्हणाला, "वहिनी, रिहर्सलला यार त्याने असली धमाल केली! नवीनच काहीतरी बोलत होता. आणि खरं सांगू का, तुम्हाला त्याचे जोक कधी कळलेत?" मी फोन ठेवला. संताप संताप झाला होता.

कार्यक्रम दुपारचा होता, एका शाळेच्या सभागृहात. मुलगी खास त्यासाठी आली होती आणि माझ्याशेजारी तिसऱ्या रांगेत फोन रोखून बसली होती. पडदा उघडला. टेबलामागे मित्र, समोर हा, गेल्या वर्षीच्याच कोटात.

"याआधी कुठे होता?"

"ठाण्याला दोन वर्षं खिडकी होतो."

माझा जीव जरा भांड्यात पडला. "सोडलंत का?" "वारा फार लागायचा." इथे तो दरवर्षी माझ्याकडे बघायचा. मी मान उंच करून बसले होते, त्याला दिसावी म्हणून. त्याची नजर माझ्यावरून सरकून पुढे गेली, मागच्या भिंतीपर्यंत.

"बरं, उघडून दाखवा."

तो हलला नाही. मित्राने पुन्हा म्हटलं. लोक हसायला लागले. याने मित्राकडे नीट निरखून बघितलं आणि विचारलं, "आपण कोण?"

"मी मुलाखत घेतोय."

"कशाची?"

"दाराची."

"कुठलं दार?"

हॉल हशाने कोसळला. दरवर्षी मागे वळून जेवणाकडे बघणारेही या वेळी हसत होते. ज्या प्रवेशाने इतकी वर्षं हॉलचे दोन तुकडे केले, त्यावर त्या दुपारी सगळे एक झाले होते. याचा चेहरा गंभीर होता, नेहमीसारखाच. पण त्याचे हात खाली लोंबत होते आणि बोटं पँटची शिवण चिमटीत धरून सोडत होती, पुन्हा धरत होती. 

मी मुलीचं मनगट धरलं. "तो विसरलाय. तो घाबरलाय गं."

"आई, श्श! इट्स सो गुड."

मी उठले. साडीच्या निऱ्या हातात धरून लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढली आणि बाजूच्या पायऱ्यांनी स्टेजवर गेले. काय करायचं ते ठरवलेलं नव्हतं. नाव घेऊन हाक मारली असती तर सगळ्या हॉलला कळलं असतं, आणि ते त्याने मला कधी माफ केलं नसतं. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि बोटांच्या पेरांनी त्याच्या कोटावर दोनदा ठोठावलं.

तो वळला. पायांची जुळवाजुळव करून, संथपणे, काटकोनात. डोक्यातून गेलेलं अंगात होतं.

मी मित्राकडे बघून म्हटलं, "हे दार आमच्या घरचं आहे. चुकून इकडे आलंय. मी घेऊन जाते."

मित्र हसत होता. मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. ऑपरेशनच्या टेबलावर भूल दिलेल्या माणसांचे चेहरे बघून कोण कुठवर गेलाय हे ओळखण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याचं हसू उतरलं. "न्या वहिनी," तो हळू म्हणाला. मी नवऱ्याचं कोपर धरून त्याला विंगेत आणलं. मागे लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते.

मुलगी धावत आली. "ओ माय गॉड, आई! यू वेअर अमेझिंग! बाबा, धिस वॉज द बेस्ट वन!"

त्याने तिच्याकडे वळून अदबीने विचारलं, "इज इट ओव्हर, मॅम?" एखाद्या अनोळखी बाईला विचारावं तसं. ती हसली. मग त्याने माझा पदर मुठीत गच्च धरलाय हे तिला दिसलं. तिने फोन खाली केला. तो अजून रेकॉर्ड करत होता.

"हाऊ लाँग?" तिने मला विचारलं.

"उन्हाळ्यापासून सांगतेय," मी म्हटलं. जितकं कडू म्हणता येईल तितकं कडू म्हटलं. तिचा मला भयंकर राग आला होता, सगळ्यांचाच आला होता. आणि त्याच वेळी कुणीतरी एकदाचं बघितलं म्हणून रडू येईल इतकं सुटल्यासारखंही वाटत होतं. जेवायला आम्ही थांबलो नाही.

गाडी मी चालवत होते. ऊन उतरलं होतं आणि हलका बर्फ भुरभुरत होता. मुलगी मागच्या सीटवर क्लिनिकच्या पोर्टलवर डॉक्टरांना मेसेज लिहीत होती. लिहिता लिहिता ती मला वरणाचं, सिग्नलचं, डब्याचं पुन्हा विचारत होती, आणि या वेळी हसत नव्हती. तो माझ्याशेजारी पट्टा लावून नीट बसला होता. आता बराच सावरला होता.

"लोक हसले ना?" त्याने विचारलं.

"खूप हसले. सगळे हसले."

"आणि तू?"

हा प्रश्न तो दरवर्षी याच रस्त्यावर विचारायचा आणि माझं उत्तरही ठरलेलं होतं. ते ऐकून तो खूश व्हायचा, स्टिअरिंगवर ताल धरायचा. मी मोठ्या आशेने तेच उत्तर दिलं.

"छे! मला मेलीला कुठलं हसू येतंय."

 तो पडलेल्या आवाजात म्हणाला, "का? मी चांगलं केलं नाही का?"

मागे टायपिंगचा आवाज थांबला. मला पुढचा रस्ता नीट दिसेना.

"केलंस रे. फार छान केलंस."

"मग हसून दाखव."

मी हसले. गाडी चालवत, जमेल तेवढं मोठ्याने हसले. आणि तो मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघत राहिला, हसली का ते.